झील ज्याची त्यानं धरावी

चांगुणाबाई मेंगाळ यांनी आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या गाडीवर करणी केली, ही बातमी मी पहिल्यांदा दूधवाल्याकडून ऐकली, दुसऱ्यांदा इस्त्रीवाल्याकडून आणि तिसऱ्यांदा, तिखटमीठ लावून, स्वतःच्याच तोंडून. पुरावा भक्कम होता. बाई रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये येतात, नुकत्याच आलेल्या गाडीच्या बॉनेटवर एक गोल चामडं पालथं घालतात, त्याला कान लावतात आणि काहीतरी पुटपुटतात. चेअरमन रंगरावांनी त्याच शनिवारी गाडीला एकाऐवजी तीन लिंबं बांधली. गाडी कमी आणि लोणच्याची बरणी जास्त दिसायला लागली.

आता खरं सांगतो. ते चामडं म्हणजे डफ. दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, मग तो वाजत नाही, नुसता खोकतो. त्याला शेक द्यावा लागतो. वाडीवर शेकोटी असते. चऱ्होलीच्या सातमजली सोसायटीत शेकोटी पेटवली तर आधी फायरचा भोंगा वाजेल आणि मग रंगराव. बाईंनी एकदा गॅसवर शेकून पाहिलं, तर कडेला करपलं. तेव्हा त्यांना शोध लागला, की चाकणहून तासभर ट्रॅफिकमध्ये उभी राहून आलेली गाडी चुलीपेक्षा एकसारखी तापलेली असते. रंगरावांची सगळ्यांत जास्त, कारण ते मोशीपासून घरापर्यंत दुसऱ्या गियरमध्येच येतात. आणि पुटपुटणं म्हणजे काय, तर टिचकी मारून, सूर चढला का, असं डफालाच विचारणं. हा खुलासा मी घरोघरी जाऊन केला. पण अफवा लिफ्टनं जाते आणि खुलाशाला जिना चढावा लागतो.

बाई मूळच्या खेड तालुक्याच्या डोंगरकडच्या, भीमाशंकरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीच्या. मुलगा भिवा चाकणच्या कंपनीत वेल्डर आहे. त्यानं दहा वर्षं ठिणग्यांत डोळे घालून आमच्याच मजल्यावर वन बीएचके घेतला आणि वाडीवर एकट्या राहणाऱ्या आईला इकडे आणलं. बाई लिफ्टमधून पहिल्यांदा उतरल्या तेव्हा डोक्यावर ट्रंक, बगलेत डफ आणि चेहऱ्यावर तहसीलदाराचा रुबाब. मी म्हटलं, "काकू, डफ कोण वाजवतं?" तर म्हणाल्या, "हात हायेत की मला."

ठाकरांत बाया गातात आणि वाजवतात ते बाप्ये, असा जुना रिवाज. बाईंचे यजमान वाडीचे डफवाले होते. ते गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला वाजवणारा हातच उरला नव्हता, तरणी माणसं सगळी वीटभट्टीवर, नाहीतर कंपनीत. लोक म्हणाले, नुसतं गाऊन उरकू. बाईंनी खुंटीवरचा डफ काढला आणि तीस वर्षं कानानं ऐकलेलं हातानं वाजवलं. दोन दिवस वाडीत कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी एकीनं बाळंतपणानंतर मुकी झालेली आपली लेक आणून त्यांच्यापुढं बसवली. तिला वाचा फुटली आणि तिथून पायंडा पडला. कुणाची झोप उडाली, कुणाचा हात आखडला, कुणी मेल्या माणसाच्या दुःखानं जेवण सोडलं, की डफाकडे आणायचं.

मी एकदा सरळ विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही भगतच की."

"भगत कोंबडं मागतो," बाई म्हणाल्या. "मी झील मागते."

त्यांची सगळी विद्या झील या एका शब्दात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पुढच्यानं ओळ म्हणायची आणि मागच्यांनी तिचा शेवट उचलून धरायचा, याला झील धरणं म्हणतात. बाई ओळ म्हणतात, डफ वाजवतात आणि शेवटच्या शब्दाच्या तोंडाशी येऊन एकदम थांबतात. हात वर, डफ गप्प. तो शब्द समोरच्या आजारी माणसानं म्हणायचा. तो म्हणेपर्यंत बाई हलत नाहीत. पाच मिनिटं लागू देत, नाहीतर पाऊण तास. वर एक अट असते: डॉक्टरची गोळी सुटली तर डफही सुटला. सी विंगच्या आक्काबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर पडायच्या भीतीनं पाऊल उचलत नव्हत्या. बाईंनी झील तोंडाऐवजी पायानं धरायला लावली, शब्दाच्या जागी एक पाऊल. महिन्यात आक्काबाई लिफ्टपासून गेटपर्यंत चालल्या. आता तर त्या घरोघरी जाऊन सुनांच्या भाकऱ्या तपासतात. त्यामुळं काही सुना चांगुणाबाईंवर अजून नाराज आहेत.

आणि मग ज्योतीरामचं प्रकरण आलं.

ज्योतीराम तिसऱ्या मजल्यावरचा. मूळचा लातूरकडचा, वय चव्वेचाळीस, चाकणला पाइपच्या कंपनीत कामाला. काम असं, की क्रेन वर छताखाली चालते, तिचा ड्रायव्हर वर केबिनमध्ये, आणि हा खाली वॉकीटॉकी घेऊन उभा. उचल, हळू, थांब. पंधरा वर्षं हा माणूस हे तीन शब्द बोलून घर चालवत होता. माझी जीभ दिवसभर चालते आणि कुणी एक कप चहा पाजत नाही, तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा. दिवाळीनंतर त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात वाचला, पाय वाचला. बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता "अ... अ..." यायचा, आणि मग तो स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायचा.

कंपनीनं दवाखान्याचं सगळं केलं, पुढं चार महिन्यांची मुदतही दिली. मार्चअखेर सेफ्टीची चाचणी. तिथं हे तीन शब्द वॉकीटॉकीवर वरच्या ड्रायव्हरला कळतील असे आले, तर काम चालू. नाहीतर क्रेनखाली उभं राहता येणार नाही, आणि दुसरी जागा रिकामी नाही. दवाखान्यात त्याला सफरचंदाचं चित्र दाखवून "सफरचंद" म्हणायला सांगत. तो चित्राकडे बघून रडायचा.

त्याची बायको अंजली शेवटी चांगुणाबाईंच्या दारात उभी राहिली. "काकू, हे बोलंनात झालेत. लोकं म्हणतात तुमच्याकडं हाय कायतरी. मी ह्यांच्या डॉक्टरला बी इचारलं. ते म्हणाले, गाण्याची वाट डोक्यात येगळी असती, करून बघा."

"डॉक्टर शहाणा हाय," बाई म्हणाल्या. "घिऊन ये उद्या. मोकळ्या जागंत बसू."

मोकळी जागा म्हणजे पार्किंग. आणि पार्किंग म्हणजे आमच्या भजनी मंडळाची सत्ता.

आमचं मंडळ साधं नाही. लक्ष्मणराव पखवाजावर, सावित्रीबाईंचा पहिला आवाज, टाळांना आम्ही दहाजण, त्यात मीही. इथली सगळी माणसं आळंदीच्या शेजारात वाढलेली. ध्रुपद पडू देणं म्हणजे आमच्यात घराण्याला बट्टा. गाणाऱ्यानं श्वास घ्यायच्या आत मागच्यांनी ओळ उचललीच पाहिजे, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं. शेजारधर्म म्हणून लक्ष्मणरावांनी जाहीर केलं, "ज्योतीराम आपला माणूस हाय. आमी सगळे येणार. एकट्या बाईवर भार नको."

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी ज्योतीरामला समोर बसवलं. काम काय करायचास ते अंजलीकडून ऐकलं, जरा वेळ डफावर बोटं फिरवली आणि हसल्या. म्हणाल्या, भात कापून झाल्यावर आमच्या बाया भारे वाहायच्या तवा असलंच सांगत जायच्या एकमेकीला. आणि तिथल्या तिथं ओळी जुळवल्या:

भाताचा भारा, डोईवर उचल,
निसरडा बांध, पाय टाक हळू,
म्होरं उभा रेडा, बाई गं थांब.

दोनदा अख्ख्या म्हणून दाखवल्या. तिसऱ्यांदा "डोईवर" पर्यंत आल्या आणि हात वर, डफ गप्प.

"उचल," बारा तोंडांतून एकदम. वर टाळांचा ठेका आणि लक्ष्मणरावांची थाप. काय सुंदर आलं होतं म्हणून सांगू. आम्ही एकमेकांकडे समाधानानं पाहिलं.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबल्या. पुन्हा आमचं "उचल". असे पंधरा दिवस गेले. पार्किंगमध्ये गर्दी वाढली, रंगरावही लिंबं विसरून खुर्ची टाकून बसायला लागले, मंडळाला इतका रंग कधी चढला नव्हता. फक्त ज्योतीराम होता तिथंच होता. अंजली कोपऱ्यात उभी राहून ओढणीचं टोक पिळायची.

सोळाव्या दिवशी बाईंनी डफ मांडीवर आडवा ठेवला.

"लक्ष्मणराव, दुखणं कुणाला हाय?"

"म्हंजे? ज्योतीरामला."

"मग त्याचं औषध तुमी का पिता?"

लक्ष्मणरावांचा पखवाज दचकला. बाई पुढं म्हणाल्या, "त्याचं वठ हालत्यात. चार दिस झालं मी बघतीया. त्यो त्वांड उघडाया लागला की तुमी बाराजण त्याच्या तोंडातला शबुद पळवता. झील ज्याची त्यानं धरावी."

गप्प बसायचं ठरलं. खरं सांगतो, आम्ही मनापासून प्रयत्न केला. पण बाई "डोईवर" म्हणून थांबल्या की घशात काहीतरी चढून यायचं. सावित्रीबाईंनी तोंडाला पदर लावला तरी पदरातून "उचल" आलं. मी जीभ चावली. लक्ष्मणराव तर थाप मारून मोकळे झाले आणि म्हणाले, "बाई, सत्तर वर्षांची सवय हाय. न्हाई राहवत."

"मग घरी बसा," मी सुचवलं.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "माणसं पायजेत. एकट्याला झील धरताना लाज वाटती, बसल्यालं मंडळ बघून जोर येतो. तोंडात पाणी धरा."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग भिवानं त्यांच्या सांगण्यावरून पाण्याचा जार आणून मध्ये ठेवला आणि पेले वाटले. आमच्या मंडळाचे बाराच्या बारा सभासद गाल फुगवून रांगेत बसले. लक्ष्मणरावांनी कवळी काढून ठेवलेली, त्यांच्या तोंडात पाणी जास्त मावायचं. दिवसाउजेडी, साडेपाच वाजता, पहिल्या शिफ्टच्या बसमधून उतरणारी माणसं गेटातून आत यायची, आम्हाला बघायची आणि लिफ्टच्या दिशेनं जरा जलद चालायची. आता करणीचा आरोप अख्ख्या सोसायटीवर झाला असता तरी आम्हाला उत्तर देता येणार नव्हतं.

बाईंनी सुरुवात केली. "भाताचा भारा, डोईवर..."

हात वर. डफ गप्प.

कुठंतरी वर कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावर कुणाचा तरी ट्रक रिव्हर्स घेत होता. ज्योतीरामचे ओठ हलले, मिटले. आम्ही बाराजण त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि माझ्या तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. दोन मिनिटं. चार. अंजलीनं डोळे मिटले. बाईंचा हात वरच होता. मला वाटलं, आता पुरे, उद्या बघू. बाईंना तसं वाटत नव्हतं. त्या ज्योतीरामकडे अशा बघत होत्या, जणू तो बोलणार हे त्यांना आधीच माहीत आहे आणि घाई कुणालाच नाही.

"...चल," ज्योतीराम म्हणाला.

अर्धाच शब्द, पण सुरात, बरोबर जागेवर. लक्ष्मणरावांच्या तोंडातलं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि निम्मं पखवाजावर पडलं. आम्ही कुणी गिळलं, कुणी सांडलं. सावित्रीबाईंना ठसका लागला. बाईंनी मात्र लगेच पुढची ओळ म्हटली, कारण त्यांच्या मते माणसाला रडायला वेळ दिला की गाडं पुन्हा अडतं.

त्या आठवड्यात "उचल" पूर्ण झालं. "थांब" तीन आठवड्यांनी आलं. "हळू" सगळ्यांत शेवटी. ज्योतीराम बोलायला लागला म्हणजे काय, तर गायला लागला. सुराशिवाय तोंड उघडलं की अजून तोच "अ... अ...". सुरात मात्र हळूहळू घरचे शब्दही यायला लागले. अंजली हसत सांगायची, "चहा बी गाऊन मागायलेत. घराचा तमाशा झालाय काकू, पण बोलायलेत ना." आणि सांगता सांगता तिचा चेहरा पडायचा. मार्चअखेर आली होती, आणि कंपनीत पार्किंग नव्हतं, पाण्याचा जार नव्हता, सोबत गाणारं कुणी नव्हतं.

चाचणीच्या दिवशी ज्योतीरामनं बाईंचा हात धरून खूण केली: तुम्ही चला. म्हणून अंजली, चांगुणाबाई आणि मी, असे तिघे त्याच्यासोबत चाकणला गेलो. मला का नेलं, याचं कारण मी अंजलीला विचारलं नाही.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचे सोपानराव बसलेले. माणसांचे पास झाले, मग त्यांची नजर डफावर पडली. "हे आत न्यायचं तर मटेरियल गेटपास लागेल. कच्चा माल, तयार माल की टूल?"

बाईंनी विचारलं, "टूल म्हंजी?"

"ज्यानं काम करतात ते."

"मग टूल लिव्हा."

सोपानरावांनी लिहिलं: टूल, परत नेणार, एक नग, गोल. आणि मान खाली घालून हळूच विचारलं, "आजी, माझी झोप जरा कमी झालीये. त्याला पण चालतं का हे?"

आत मोठा शेड. जमिनीवर पिवळी रेघ, तिच्यापलीकडे आम्हाला बंदी. सेफ्टी ऑफिसर रविराजसाहेब, तिशीतला माणूस, हातात फॉर्म, शेजारी कंपनीचे डॉक्टर. साहेबांनी डफ पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, "आजी, आत वाजवता येणार नाही. ड्रायव्हरचं लक्ष जाईल."

बाईंनी डफ छातीशी धरला आणि मान हलवली. अंजलीचा चेहरा पांढरा पडला. मी तिला म्हणालो, "होईल गं," आणि माझाच आवाज मला खोटा वाटला.

ज्योतीराम हेल्मेट घालून, वॉकीटॉकी घेऊन पाइपांच्या जुडीजवळ उभा राहिला. वर केबिनमध्ये रोहिदास, त्याचा जुना ड्रायव्हर. क्रेनचा आकडा जुडीला लागला. साहेबांनी खूण केली.

ज्योतीरामनं बटण दाबलं. "अ..." शेडमधल्या सगळ्या वॉकीटॉक्यांतून तोच आवाज घुमला. "अ... अ..." शेजारच्या मशिनवरची दोन माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. ज्योतीराम आमच्याकडे वळला. बाईंनी काहीही केलं नाही. नुसता उजवा हात वर नेला आणि तिथंच ठेवला.

पार्किंगमध्ये रोज वर जायचा तसाच तो हात. ज्योतीरामनं डावी बोटं मांडीवर आपटली. एकदा, दोनदा, मग ठेका लागला. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि "उचल" असा काही लावला, की वर रोहिदासनं आधी हसून घेतलं असावं आणि मग भोंगा वाजवत क्रेन चालवली. जुडी जमिनीवरून सुटली. "हळू", लांब, उतरत्या सुरात. जुडी सरकायला लागली. थांब म्हणायची खूण साहेब करणार होते, पण जुडी मध्येच एका बाजूला झुलली आणि साहेब फॉर्मवर काहीतरी लिहीत होते. ज्योतीरामनं त्यांची वाट पाहिली नाही.

"थांब," तो गायला. जुडी थांबली. शेजारचं मशीन थांबलं. पलीकडची ट्रॉली ढकलणारा ट्रॉलीसकट थांबला. साहेबांचं पेनसुद्धा थांबलं.

मग शेडच्या त्या टोकाकडून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मागोमाग सगळ्यांनी. अंजली पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभ्या उभ्या रडायला लागली, आणि या वेळी बाईंनी तिला रडू दिलं.

ज्योतीराम आज पहिल्या शिफ्टला जातो. रोहिदास सांगतो, आता शेडमधले बाकीचेही क्रेनला सुरात हाका मारतात आणि त्या जास्त लांब ऐकू जातात. चांगुणाबाईंकडे रविवारी पार्किंगमध्ये रांग लागते, सोपानरावही येऊन बसतात. आमचं मंडळ पाण्याचे पेले घेऊन हजर असतं. रंगरावांनी सोसायटीच्या मिटिंगमध्ये बाईंच्या बसण्यासाठी जागा मंजूर केली, आणि करणीची गोष्ट कुणी काढली की ते विषय बदलतात.

पण त्या दिवशी सगळं इतकं सरळ झालं नव्हतं. टाळ्या थांबल्यावर रविराजसाहेबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. म्हणाले, "काम उत्तम झालं, प्रश्नच नाही. पण इथं रकाना आहे, 'स्पष्ट बोलता येते: होय किंवा नाही.' हा गातोय. गाणं म्हणजे बोलणं असं मी कसं लिहू?" डॉक्टरांनी फॉर्म हातात घेऊन तो रकाना पुन्हा वाचला. शेवटी पेन 'होय'च्या चौकटीत टेकलं, पण ते टेकायच्या आधी पिवळ्या रेघेच्या अलीकडून चांगुणाबाई जे बोलल्या ते असं:

"साहेब, तुमची ती क्रेन हालली की पिपाणी वाजवती, आन् दारातली तुमची गाडी मागं सरकताना गाणं म्हणती. त्यांला कवा म्हणला का, आधी नीट बोला, मग कामावर या?"